पाळण्याशेजारची वही: बालविकासाचे पहिले शास्त्रीय अभ्यास आणि त्यांच्या पद्धती

जास्वंदी

बाळ मान कधी धरतं, कधी बसतं, चिमटीत चुरमुरा कधी उचलतं, याचे तक्ते आता माता-बाल संरक्षण कार्डावरही असतात. हे आकडे कुणीतरी, कुठल्यातरी बाळाशेजारी बसून, काहीतरी पद्धत ठरवून मिळवलेले आहेत. धागा त्या पद्धतींवर काढला आहे. कोणत्या अभ्यासकानं काय शोधलं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. ते शोधलं कसं आणि त्यात चूक कुठे झाली, हे मात्र सहसा वाचायला मिळत नाही. माझं मत असं की या क्षेत्रातली प्रत्येक नवी पद्धत आधीच्या पद्धतीच्या एखाद्या ठळक चुकीतून जन्मली आहे.

सुरुवात वहीपासून करते. जर्मन तत्त्वज्ञ डिट्रिश टीडमान यांनी 1781 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाच्या, फ्रीड्रिशच्या, नोंदी ठेवल्या आणि 1787 मध्ये छापल्या. पुढे हाच मुलगा मोठा शरीररचनाशास्त्रज्ञ झाला. त्या नोंदींत शिस्त कमी आहे, पण बाळाची हालचाल तारखेसह लिहिण्याची कल्पना तिथे स्पष्ट दिसते. नंतर जवळजवळ शतकभर फारसं काही झालं नाही. 1876 मध्ये हिप्पोलीत तेन यांनी आपल्या मुलीच्या भाषेवर फ्रेंचमध्ये लेख लिहिला. 1877 मध्ये तो इंग्रजीत 'माइंड' या नियतकालिकात आला. तो वाचून चार्ल्स डार्विन यांनी 37 वर्षं पडून असलेली आपली वही बाहेर काढली. ती होती 27 डिसेंबर 1839 रोजी जन्मलेल्या विल्यमची. तिच्यावर आधारलेला लेख त्याच वर्षी 'माइंड'मध्येच छापून आला.

डार्विन यांच्या नोंदींचं मोल त्यांच्या बारीकपणात आहे. सातव्या दिवशी कागदाच्या तुकड्यानं तळपायाला स्पर्श केला, बाळानं पाय झटकन ओढून घेतला आणि बोटं वळवली. नवव्या दिवशी नजर मेणबत्तीवर स्थिरावली. 45 व्या दिवसापर्यंत दुसऱ्या कशावरही ती तशी ठरली नाही, 49 व्या दिवशी मात्र रंगीत गोंड्याकडे लक्ष गेलं. नजर खरंच गोंड्याकडे गेली हे त्यांनी कशावरून ठरवलं? डोळे स्थिर झाले आणि त्याच वेळी हातांची हालचाल थांबली. "बाळ बघायला लागलं" असं मोघम न लिहिता कशावरून तसं म्हटलं हेही लिहिलं आहे.

दगडफूल

उत्तम विषय. डार्विन यांची अश्रूंची नोंद इथे हवीच, ती त्यांच्या भावाविष्कारावरच्या 1872 च्या पुस्तकात आहे. एक बाळ 77 दिवसांचं असताना त्याच्या उघड्या डोळ्याला डार्विन यांच्या कोटाची बाही चुकून घासली. त्या डोळ्यातून पाणी वाहिलं. बाळ जोरात ओरडत होतं, तरी दुसरा डोळा जवळपास कोरडाच राहिला. 122 व्या दिवशीही ओरडताना अश्रू पापणीबाहेर आले नाहीत. गालांवर ओघळले ते 139 व्या दिवशी.

आपण मराठीत 'रडणं' म्हणतो तेव्हा आवाज आणि पाणी एकत्र धरतो. या नोंदीमुळे दोन्ही सुटी झाली. ओरडणं जन्मापासून असतं. डोळ्याला इजा झाली तर पाणी लवकर येतं. भावनेनं अश्रू ढाळणं ही तिसरी गोष्ट, आणि ती सर्वांत उशिरा येते. एकच शब्द असलेल्या क्रियेचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी तारीख देणं, हे या वहीचं खरं शास्त्र आहे.

मोजपट्टी

वहीच्या मर्यादेचं उदाहरणही डार्विन यांच्याकडेच आहे. 77 व्या दिवशी विल्यमनं दुधाची बाटली उजव्या हातात घेतली. बाळ दाईच्या डाव्या कुशीत असो की उजव्या, हात उजवाच. डाव्या हातानं घ्यावी म्हणून प्रयत्न केले तरी त्यानं आणखी आठवडाभर घेतली नाही. यावरून उजवा हात आठवडाभर पुढे, असा हिशोब निघतो. पण तो मुलगा पुढे डावखुरा निघाला आणि डार्विन यांनी हेही लपवलं नाही. पहिल्या वर्षात हाताची पसंती पुन्हापुन्हा बदलते. एकाच बाळाच्या एका आठवड्यावरून नियम काढला की असं होतं.

जास्वंदी

@मोजपट्टी, अगदी बरोबर. याच ढिलाईवर विल्हेल्म प्रायर यांनी नियमांचा उपाय काढला. ते येना इथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलगा आक्सेल 1877 मध्ये जन्मला. पहिल्या तीन वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी 1882 मध्ये 'बालकाचं मन' या अर्थाच्या नावाचं जर्मन पुस्तक लिहिलं. त्यात इंद्रियं, इच्छाशक्ती आणि बुद्धी असे तीन भाग आहेत. त्यांचे नियम आजही जसेच्या तसे वापरता येतात.

रोज निदान तीन वेळा निरीक्षण करायचं. दिसलं ते तिथल्या तिथे लिहायचं, रात्री आठवून नाही. स्वतः पाहिलेलंच खरं धरायचं, आजी किंवा दाई यांनी सांगितलेलं वेगळं ठेवायचं. बाळाला आपण निरखतोय हे शक्यतो जाणवू द्यायचं नाही. बाळाला काही शिकवायचं नाही. निरीक्षणात एका दिवसाहून मोठा खंड पडणार असेल तर दुसरा माणूस नेमायचा आणि परत आल्यावर त्याच्या नोंदी स्वतः तपासायच्या.

शिकवायचं नाही हा नियम पाळायला सर्वांत अवघड. घरातली सगळी मंडळी 'टाटा कर', 'नाक कुठंय' म्हणत असतात. मग बाळाचा हात हलला तो अनुकरणानं, सवयीनं की शब्द कळून, हे सांगता येत नाही. प्रायर यांना हे मिश्रण नको होतं.

अनुजा_क

पण नियम पाळूनही प्रायर चुकलेच ना? नवजात बाळं जन्मतः बहिरी असतात असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत चाललं.

दगडफूल

हो. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जन्मानंतर मधल्या कानात द्रव असतो. त्यामुळे ऐकू येणं थोडं मंद होतं हे खरं, पण म्हणून बाळ बहिरं ठरत नाही. दुसरं असं की बाळ आवाजाला प्रतिसाद देतं की नाही, हे ते कोणत्या अवस्थेत आहे यावर अवलंबून असतं. गाढ झोपेत, भूक लागलेली असताना किंवा दूध पीत असताना तोच आवाज वाया जातो. शांत, जागं, डोळे उघडे असं बाळ असेल तर डोळे विस्फारतात, श्वास क्षणभर थांबतो, चोखणं थांबतं. प्रायर यांच्या काळात अवस्था नोंदवण्याची पद्धतच नव्हती.

1930 मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात प्रॅट, नेल्सन आणि सुन यांनी नवजात बाळांसाठी खास कपाट बनवलं. आतला प्रकाश आणि तापमान ठरावीक, बाळाखालच्या फळीची हालचाल यंत्रानं कागदावर उमटायची. ही सगळी खटपट वर सांगितलेल्या गोंधळातून सुटण्यासाठीच होती.

आजही कुणी बाळाच्या ऐकण्याची घरी खुळखुळा वाजवून तपासणी करत असेल, तर खुळखुळा दिसता कामा नये आणि हलवताना वारा लागता कामा नये. मूल वळलं ते आवाजाकडे की हाताच्या सावलीकडे, हे नाहीतर कळत नाही. आणि घरच्या अशा तपासणीवर श्रवणाचा निर्णय करू नये, त्यासाठी नवजात श्रवणचाचणी असते.

शतपावली

प्रायर यांच्या आधी आणि नंतरही प्रयोग झाले आहेत. 1859 मध्ये आडोल्फ कुसमाउल यांनी वीसेक नवजात बाळांच्या जिभेवर कोमट केलेलं साखरेचं आणि कडू क्विनाइनचं पाणी लावून पाहिलं. साखरेला ओठ पुढे काढून चोखण्याची हालचाल, क्विनाइनला तोंड वाकडं. द्रव कोमट केला हे महत्त्वाचं, नाहीतर थंडाव्याला दिलेला प्रतिसाद चवीचा म्हणून लिहिला गेला असता.

दुसरा प्रयोग 1891 चा, इंग्लंडमधल्या लुई रॉबिन्सन या डॉक्टरांचा. महिन्याच्या आतल्या 60 बाळांना त्यांनी पाऊण इंच जाडीची काठी किंवा बोट धरायला देऊन लोंबकळू दिलं. त्यांतल्या निदान निम्म्या बाळांना जन्मून तासही झाला नव्हता. दोन वगळता सगळ्यांनी स्वतःचं पूर्ण वजन निदान 10 सेकंद पेललं. तीन आठवड्यांचं एक बाळ 2 मिनिटं 35 सेकंद टिकलं. माकडांच्या पिल्लांशी नातं दाखवण्यासाठी हे केलेलं होतं.

मोजपट्टी

हा प्रयोग कुणीही करून पाहू नये, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. ही पकड इच्छेची नसते, प्रतिक्षिप्त असते, त्यामुळे ती कधी सुटेल याचा अंदाज येत नाही. शिवाय नवजात बाळाची मान धरलेली नसते. आज ही पकड तपासायची तर तळहातावर करंगळीच्या बाजूनं बोट सरकवून हलका दाब देतात, तेवढंच. दोन्ही हातांची पकड सारखी आहे का हे पाहणं जास्त उपयोगाचं. एका बाजूची कमी असेल तर प्रसूतीत खांद्याजवळच्या नसेला ताण बसला असण्याची शक्यता तपासतात.

तळटीप

इथवर सगळं वागण्याबद्दल झालं. शरीराच्या वाढीचा धागा वेगळा आणि जुना आहे. फ्रान्समध्ये गेनो द मोंबेयार यांनी आपल्या मुलाची उंची 1759 पासून 1777 पर्यंत साधारण सहा-सहा महिन्यांनी मोजली. ब्युफॉन यांनी आपल्या निसर्ग-इतिहासाच्या पुरवणीत ती छापली. माप फ्रेंच फुटांत आहे. तो फूट 32.48 सेंटिमीटरचा, त्याचे 12 इंच आणि इंचाचे 12 'लीन्य'. म्हणजे सर्वांत लहान भाग सव्वादोन मिलिमीटरचा. 1927 मध्ये रिचर्ड स्कॅमन यांनी हे आकडे मेट्रिकमध्ये आणून आलेख काढला आणि तो आजतागायत पुस्तकांत आहे.

त्या एका मुलाच्या आलेखात जे दिसतं ते हजारो मुलांच्या सरासरीत पुसट होतं, ही गंमत समजून घ्यावी. बॉस्टनमध्ये हेन्री बाउडिच यांनी 1870 च्या दशकात सुमारे 24,500 शाळकरी मुलामुलींची मापं गोळा केली. मुली साधारण 12-13 व्या वर्षी मुलांच्या पुढे जातात आणि नंतर मागे पडतात, हे त्यातून नीट दिसलं. पण ही मापं त्या-त्या वयाच्या वेगवेगळ्या मुलांची होती. वयात येतानाची झेप कुणाची 12 व्या वर्षी, कुणाची 15 व्या वर्षी येते. सगळ्यांची सरासरी काढली की ती झेप पसरट होऊन बुटकी दिसते. फ्रान्झ बोआस यांनी 1892 च्या सुमारास हे दाखवलं आणि त्याच मुलांना वर्षानुवर्षं मोजण्याचा आग्रह धरला.

अनुजा_क

@तळटीप, मापातल्या चुकांबद्दल थोडं लिहाल का? अंगणवाडीच्या नोंदींत एकाच मुलाची उंची मागच्या महिन्यापेक्षा कमी झालेली दिसते, तसे प्रश्न नेहमी येतात.

तळटीप

उंची कमी दिसण्याची तीन नेहमीची कारणं आहेत.

पहिलं, आडवं माप आणि उभं माप यांची सरमिसळ. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून उंची. आडवं माप उभ्यापेक्षा सरासरी 0.7 सेंटिमीटरनं जास्त येतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला उभं करूनच मोजावं लागलं तर 0.7 मिळवायचे, मोठ्याला आडवं मोजलं तर 0.7 वजा करायचे, आणि तसं केल्याची खूण करायची.

दुसरं, माणूस एकटा असणं. आडव्या लांबीला दोन माणसं लागतातच. एकानं डोकं स्थिर पाटीला टेकवून धरायचं, नजर सरळ वर. दुसऱ्यानं गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पाटी दोन्ही टाचांना सपाट लावायची. एकच पाय धरला तर कंबर तिरकी होते आणि माप चुकतं. अंबाडा किंवा केसातली पिन हे तर कायमचं.

तिसरं, दिवसाची वेळ. उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, म्हणून संध्याकाळी उंची सकाळपेक्षा कमी भरते. झोपून उठलं की परत येते. हा फरक मोंबेयार यांच्या मुलावरच्या नोंदींमध्येही आलेला आहे.

दोन वेळा मोजून फरक 0.7 सेंटिमीटरहून जास्त आला तर दोन्ही मापं टाकून पुन्हा मोजावं.

जास्वंदी

मूळ रस्त्यावर येते. एका बाळाची वही अपुरी पडते म्हटल्यावर अमेरिकेत स्टॅन्ली हॉल यांनी प्रश्नावली आणली. शाळेत नव्यानं आलेल्या बॉस्टनच्या मुलांना काय माहीत आहे, हे त्यांनी प्रशिक्षित बालवाडी शिक्षिकांकडून विचारून घेतलं आणि 1883 मध्ये छापलं. 80 टक्के मुलांना मधमाश्यांचं पोळं माहीत नव्हतं, 77 टक्क्यांना कावळा. शहरी मुलाला पुस्तकातले शब्द म्हणजे नुसते आवाज असतात, हा निष्कर्ष शिक्षणासाठी मोठा होता. हा अभ्यास निदान मुलांशी समोरासमोर बोलून केलेला होता. 1894 नंतर हॉल यांच्याकडून शंभरावर प्रश्नावल्या टपालानं शिक्षकांना आणि पालकांना गेल्या आणि तिथे घसरण झाली. मुलांची भीती, राग, खेळणी यांबद्दलची उत्तरं ज्यानं त्यानं आठवेल तशी लिहिली. कुणी एक मूल पाहून, कुणी आपलं बालपण आठवून. ढीग मोठा झाला, पण त्यात काय मोजलं गेलं हेच ठरेना.

कॅलिफोर्नियातल्या मिलिसेंट शिन या वळणाच्या विरुद्ध उभ्या राहिल्या, म्हणून मला त्यांचं काम फार मोलाचं वाटतं. आपल्या भाचीच्या, रूथच्या, नोंदी त्यांनी 1893 पासून छापायला सुरुवात केली, 1898 मध्ये बर्कलीची पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री ठरल्या आणि 1900 मध्ये सर्वांसाठी पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं: एक क्रिया दुसरीतून कशी उगवते हे एकाच बाळाकडे सलग पाहिल्याशिवाय कळत नाही.

शतपावली

भाषेच्या बाबतीत तीच परंपरा क्लारा आणि विल्यम श्टेर्न या दांपत्यानं पुढे नेली. तीन मुलांच्या वह्या, 1900 ते 1918, बहुतेक नोंदी क्लारा यांच्या हातच्या, आणि त्यावरून 1907 चं बालभाषेवरचं पुस्तक. तीन मुलं असल्यामुळे निदान घरातल्या घरात तुलना झाली.

शब्दांच्या वहीत एक ठरलेली चूक असते: नवं ते लिहिलं जातं, रोजचं राहून जातं. मुलानं 'पाणी' पहिल्यांदा म्हटलं त्याची तारीख असते. त्यानंतर महिनाभर ते प्रत्येक द्रवाला 'पाणी' म्हणत होतं, हे सुटतं. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी अर्धा तास जे बोलेल ते सगळं लिहायचं, जुनं-नवं न बघता. शब्दासमोर अर्थ न लिहिता तो कोणत्या वस्तूकडे बघून, कोणत्या प्रसंगी म्हटला ते लिहायचं. आणि आपल्या शुद्ध शब्दात न आणता 'पापी' म्हटलं तर 'पापी'च.

दगडफूल

आता गेझेल. येल विद्यापीठात 1911 पासून अर्नोल्ड गेझेल यांचा दवाखाना होता. चित्रीकरणासाठी त्यांनी घुमट उभारला. वळलेल्या रुळांवर कॅमेरे, आणि भिंत म्हणजे आतून पांढरी रंगवलेली बारीक जाळी. आत भरपूर उजेड, बाहेर अंधार. बाळाला जाळी भिंतीसारखी दिसते आणि बाहेरच्याला आतलं सगळं दिसतं. बाहेर कुणी दिवा लावला की युक्ती संपली. प्रायर यांच्या 'बाळाला जाणवू द्यायचं नाही' या नियमाचं हे यंत्ररूप.

सामान ठरलेलं: एक इंची लाल ठोकळे, कप, घंटा, छोटी गोळी. ती देण्याचा क्रम आणि जागाही ठरलेली. चित्रफीत एकेक चौकट करून पाहिल्यामुळे गेझेल यांचे सहकारी हॅल्व्हरसन यांना 1931 मध्ये दिसलं की 16 ते 52 आठवड्यांत ठोकळा धरण्याची रीत पायरीपायरीनं बदलते. आधी करंगळीच्या बाजूनं तळव्यात दाबणं, मग भार अंगठ्याच्या बाजूला सरकणं, शेवटी बोटांची टोकं. नुसत्या डोळ्यांना हे टिपता येत नाही.

सर्वांत गाजला तो 1929 चा जुळ्या बहिणींचा प्रयोग. ट आणि क म्हणू. पाच पायऱ्यांचा जिना. ट ला 46 व्या आठवड्यापासून सहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज थोडा वेळ सराव. क ला काहीच नाही. 52 व्या आठवड्यात ट 26 सेकंदांत चढली. 53 व्या आठवड्यात क कुठल्याही सरावाशिवाय 45 सेकंदांत चढली आणि दोन आठवडे सराव दिल्यावर 10 सेकंदांत.

मोजपट्टी

आणि यावरून गेझेल यांनी परिपक्वता (वयानुसार शरीर आपोआप तयार होणं) हीच मुख्य असं मांडलं. निष्कर्ष आकड्यांच्या पुढे गेला असं माझं ठाम मत आहे. जोडी एकच. 'सराव नाही' म्हणजे जिन्याचा नाही, पण त्या सहा आठवड्यांत क घरभर रांगत होती, वस्तू धरून उभी राहत होती, म्हणजे जिन्याला लागणारे स्नायू वापरतच होती. आणि जिना चढणं हे बहुतेक मुलं आपोआप करतातच असं काम.

मर्टल मॅकग्रॉ यांनी न्यूयॉर्कमध्ये जॉनी आणि जिमी या जुळ्यांवर (नंतर कळलं की ते एकसारखे जुळे नव्हते) 1935 मध्ये जास्त नेमकं उत्तर दिलं. चालण्यावर जादा सरावाचा फारसा परिणाम नाही. पण चाकाचे बूट जॉनी वर्षाच्या आत शिकायला लागला आणि चांगला शिकला. उलट तीनचाकी त्याला 11 व्या महिन्यात दिली तर महिनोन् महिने प्रगतीच नाही, आणि जिमीला 22 व्या महिन्यात दिली तर त्यानं पटकन पकडली. म्हणजे 'सराव की परिपक्वता' हा प्रश्नच चुकीचा. कोणतं कौशल्य आणि कोणत्या वेळी, असं विचारावं लागतं.

अनुजा_क

एक शंका. मेरी शर्ली यांच्या तक्त्यात स्वतंत्र चालणं 64 आठवडे, म्हणजे जवळपास 15 महिने दिलंय. जागतिक आरोग्य संघटनेची सरासरी 12.1 महिने. तीन महिन्यांचा फरक कसा?

तळटीप

शर्ली यांनी मिनियापोलिसमधल्या 25 बाळांना घरी जाऊन पाहिलं. पहिल्या वर्षी दर आठवड्याला, दुसऱ्या वर्षी पंधरवड्यानं. 25 बाळांत मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारं वय) दोन-चार मुलांनीही हलतो. शिवाय 'चालणं' म्हणजे किती पावलं, यावर वय बदलतं. संघटनेचा निकष लेखी आहे: पाठ सरळ, कुणाचा-कशाचा आधार नाही, निदान पाच पावलं. आणि भेटींमध्ये जितकं अंतर जास्त, तितकी 'पहिल्यांदा दिसलं' ही तारीख 'पहिल्यांदा केलं' याच्या मागे पडते.

शर्ली यांचा खरा शोध वयांचा नव्हता, क्रमाचा होता: वयं बदलली तरी टप्प्यांचा क्रम बहुतेक तोच. तोही पुढे थोडा सैल करावा लागला. संघटनेच्या अभ्यासात (घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका) 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. स्वतंत्र चालण्याची खिडकी 8.2 ते 17.6 महिने आहे. म्हणून पालकांना एक आकडा देण्यापेक्षा ही खिडकी सांगावी.

दगडफूल

गेझेल यांची मोजणीही न्यू हेवनमधल्या 107 बाळांची, साधारण एकाच सामाजिक थरातली. नॅन्सी बेली यांनी 1928 पासून बर्कलीत तीच बाळं वाढताना पाहिली आणि 1933 मध्ये पहिल्या वर्षाची मापनश्रेणी काढली. आपल्याकडचा दुवा इथे जोडला जातो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बेलींच्या श्रेणीवर भारतीय बाळांचे निकष बसवले. त्यातून 30 महिन्यांपर्यंतची 'डासी' ही श्रेणी झाली. त्यात 67 घटक हालचालींचे आणि 163 मानसिक. तिची पुस्तिका पुण्याहून निघाली. नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या बाळांच्या पाठपुराव्यात ती वापरतात. तिरुवनंतपुरमची 17 घटकांची छोटी चाळणी-चाचणीही बडोद्याच्या निकषांतूनच निवडलेली आहे.

अनुजा_क

मग आज घरी वही ठेवायची तर कशी? प्रायर यांचे नियम आणि वरच्या चुका धरून सांगाल का?

जास्वंदी

जन्मतारीख आणि गर्भाचे आठवडे पहिल्या पानावर. बाळ 32 आठवड्यांचं जन्मलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून आठ आठवडे वजा करून दुसरा रकाना ठेवावा. नाहीतर सगळं उशिरा दिसेल.

प्रत्येक नोंदीत वेळ, बाळाची अवस्था (झोपाळू, शांत जागं, चुळबुळतं, रडतं), कुठे ठेवलं होतं, समोर काय होतं, आणि मग बाळानं काय केलं. 'ओळखलं', 'आवडलं' असे शब्द टाळून 'मान वळवली, तीन सेकंद पाहिलं, हात पुढे केला' असं. निकष आधी लिहून ठेवावा. बसणं म्हणजे हात न टेकता 10 सेकंद, असं ठरलं की आज 'हो' आणि उद्या 'जवळजवळ' असं होत नाही.

आणि तीन वेगळ्या खुणा ठेवाव्यात: केलं, संधी दिली पण केलं नाही, आणि पाहिलंच नाही. जुन्या बहुतेक वह्यांत दुसरी आणि तिसरी रिकामी जागा एकसारखीच आहे. म्हणून डार्विन यांच्या '122 व्या दिवशी अश्रू ओघळले नाहीत' या एका वाक्याची किंमत मोठी. ते नसतं तर 139 या आकड्याला मागची बाजूच राहिली नसती.

शतपावली

@जास्वंदी, एक भर. मोबाइलवर चित्रफीत घेणार असाल तर कॅमेरा स्थिर ठेवा, बाळाचे दोन्ही हात आणि चेहरा चौकटीत येऊ द्या, आणि मागून 'बघ बघ, इकडे बघ' असं बोलू नका. तो आवाजच बाळ वळण्याचं कारण ठरतो. फाइलच्या नावात तारीख आणि दिवसांतलं वय घातलं की वहीतल्या नोंदीशी जुळवता येतं.